जिभेपासून सामूपर्यंत : आम्लता-विम्लता मापनाचा इतिहास आणि तापीकाठची जमीन

सारांश

द्रावणाची आम्लता वा विम्लता मोजण्याची आजची पद्धत, म्हणजे सामू, १९०९ साली डेन्मार्कमधील कोपनहेगन येथे रूढ झाली. तत्पूर्वी शतकानुशतके हे काम जीभ, डोळा आणि वनस्पतींचे रंग करीत होते. प्रस्तुत लेखात या मापनाच्या विकासाचे टप्पे मांडले आहेत आणि दख्खनच्या खारावलेल्या जमिनींच्या अभ्यासाशी त्यांचा संबंध तपासला आहे. नंदुरबार जिल्ह्यातील तापीकाठच्या काळ्या जमिनी व साखरनिर्मिती ही उदाहरणे विवेचनासाठी घेतली आहेत. सामू हा अंक अत्यंत उपयुक्त असला तरी तो एकटा वाचल्यास दिशाभूल होऊ शकते. मराठी शेतीभाषेतील ‘खारवट’ आणि ‘चोपण’ हा जुना भेद त्या अंकाला आवश्यक ती पुस्ती जोडतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : सामू, आम्ल, आम्लारी, क्षार, चोपण जमीन, तापी खोरे, नंदुरबार

प्रस्तावना

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे त्याचे सहा तालुके. उत्तरेस सातपुड्याच्या रांगा व त्यापलीकडे नर्मदा, तर मध्यभागातून तापी, अशी या जिल्ह्याची स्थूल रचना आहे. डोंगरउतारावरील उथळ जमीन आणि तापीकाठची खोल, काळी, चिकण जमीन यांत मोठे अंतर आहे. एकीकडे पावसाच्या भरवशावरील शेती, तर दुसरीकडे ऊस, केळी, पपई, मिरची यांसारखी बागायती पिके दिसतात.

या जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या हाती आज मृदा आरोग्य पत्रिका येते. केंद्र शासनाने ही योजना १९ फेब्रुवारी २०१५ रोजी सुरू केली. पत्रिकेत बारा घटकांची नोंद असते व त्यांत सामूचा समावेश असतो. महाविद्यालयातील विज्ञान शाखेचा विद्यार्थी हाच सामू प्रयोगशाळेत मोजतो आणि परीक्षेत त्याची व्याख्या लिहितो. पत्रिकेवरचा अंक आणि वहीतील व्याख्या एकाच गोष्टीविषयी बोलतात. परंतु हा अंक कोठून आला, तो काय सांगतो आणि काय सांगत नाही, याचा विचार क्वचितच होतो. इतिहासाच्या आधारे तो विचार करणे हा या लेखाचा हेतू आहे.

उद्दिष्टे

१. आम्लता व विम्लता यांच्या मापनाचा ऐतिहासिक आढावा घेणे.
२. या मापनाच्या प्रत्येक टप्प्यामागील व्यावहारिक गरज स्पष्ट करणे.
३. दख्खनमधील खारावलेल्या जमिनींच्या अभ्यासात सामूचे स्थान तपासणे.
४. नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात सामूचे वाचन कसे व्हावे, याविषयी सूचना करणे.

१. जीभ, डोळा आणि रंग

आम्लाची पहिली कसोटी म्हणजे चव. चिंच, कैरी, ताक, लिंबू यांना जोडणारा ‘आंबट’ हा शब्दच मुळात एक मापन आहे. सातपुड्यातील गावांत कैरीच्या फोडी वाळवून आमचूर तयार केले जाते. तेथे मालाची पारख आजही रंग आणि आंबटपणा पाहून होते. विम्ल पदार्थांची ओळख मात्र चवीपेक्षा स्पर्शाने आणि उपयोगाने होत असे. राखेचे पाणी बोटांना बुळबुळीत लागते आणि कपड्यावरील तेलकट डाग काढते. पापडखारामुळे पापड फुलतो. हे ज्ञान घराघरांत होते. त्याला अंक नव्हता इतकेच.

भारतीय परंपरेत या ज्ञानाची शास्त्रीय मांडणी सुश्रुतसंहितेत आढळते. तिच्या सूत्रस्थानात क्षार तयार करण्याची सविस्तर कृती दिली आहे. वनस्पतींची राख पाण्यात मिसळून गाळावयाची, ते पाणी आटवावयाचे आणि त्यात भाजलेली चुनखडी, शिंपले इत्यादी घालून त्याची तीव्रता वाढवावयाची, असा तिचा क्रम आहे. आधुनिक भाषेत सांगावयाचे तर राखेतील पोटॅशियम कार्बोनेटचे चुन्याच्या साहाय्याने पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये रूपांतर करण्याची ही प्रक्रिया होय. मृदू, मध्यम आणि तीक्ष्ण असे क्षाराचे तीन प्रकार सुश्रुताने मानले आहेत. क्षारामुळे होणारी आग आम्ल पदार्थाने शमते, हेही त्याने नोंदविले असून त्याचे कारण रसांच्या परिभाषेत दिले आहे. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी आपल्या हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाच्या पहिल्या खंडात (१९०२) या प्रकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. उदासिनीकरणाची जाण येथे स्पष्ट आहे आणि तीव्रतेची श्रेणीही आहे. परंतु ती श्रेणी तीन शब्दांची आहे, अंकांची नाही.

युरोपात रॉबर्ट बॉइल याने १६६४ साली प्रसिद्ध केलेल्या रंगविषयक ग्रंथात व्हायोलेट फुलांच्या पाकाचा रंग आम्लाने तांबडा व अल्काने हिरवा होतो, असे दाखविले. आम्ल आणि अल्क यांची पारख एकाच पदार्थाने करता येते, ही यातील महत्त्वाची बाब. दगडफुलाच्या वर्गातील वनस्पतींपासून मिळणारा लिटमस पुढे सर्वत्र रूढ झाला. तथापि दर्शकाचा रंग ‘आहे की नाही’ एवढेच सांगतो. ‘किती’ याचे उत्तर देत नाही.

२. ‘किती’ आणि ‘किती तीव्र’

‘किती’ हा प्रश्न प्रथम व्यवसायातून आला. अठराव्या शतकात स्कॉटलंडमधील कापड विरंजनाच्या धंद्याला राखेपासून मिळणाऱ्या अल्काची प्रत ठरवावयाची होती. फ्रान्सिस होम याने १७५६ साली त्यासाठी सोपी युक्ती वापरली. अल्काच्या ठराविक वजनात सौम्य नायट्रिक आम्ल चमच्याचमच्याने घालावयाचे आणि फसफसणे थांबेपर्यंत किती चमचे लागले ते मोजावयाचे. आजच्या अनुमापनाचा हा प्रारंभिक अवतार होय. पुढे ब्यूरेट आले, दर्शक आले आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही पद्धत पूर्णतः प्रस्थापित झाली.

अनुमापनाने एक प्रश्न सुटला आणि दुसरा निर्माण झाला. समान संहतीचे हायड्रोक्लोरिक आम्ल आणि ॲसिटिक आम्ल यांचे उदासिनीकरण करण्यास सारखाच अल्क लागतो. परंतु धातूवरील क्रिया, विद्युतवाहकता यांबाबत दोन्हींचे वर्तन अगदी वेगळे असते. म्हणजे आम्लाचा एकूण साठा आणि त्याची प्रत्यक्ष तीव्रता या दोन भिन्न गोष्टी आहेत. तिजोरीतील रक्कम आणि हातातील रोकड यांत जो फरक, तसाच काहीसा हा फरक आहे. तो पुढे जमिनीच्या बाबतीतही निर्णायक ठरणार होता.

आम्ल म्हणजे काय, याविषयीची कल्पनाही याच काळात बदलत होती. लाव्हाझिएने ऑक्सिजन हे आम्लधर्माचे मूळ मानले होते. हंफ्री डेव्हीने १८१० च्या सुमारास म्युरिॲटिक आम्लात ऑक्सिजन नसल्याचे दाखवून ती कल्पना मोडीत काढली आणि लक्ष हायड्रोजनकडे वळले. स्वांते अऱ्हेनियस याने १८८४ साली आपल्या प्रबंधात विद्युत अपघटनी पदार्थ पाण्यात आयनांमध्ये विभागतात, असा विचार मांडला. तीव्र आम्ल जवळजवळ पूर्णपणे विभागते, सौम्य आम्ल अल्पांशाने विभागते. तिजोरी आणि रोकड यांतील फरकाचे उत्तर येथे मिळाले. १८८९ मध्ये वॉल्टर नर्न्स्ट याने विद्युतदाब आणि आयनांची संहती यांचा संबंध समीकरणात बांधला व हायड्रोजन आयन विजेच्या साहाय्याने मोजण्याचा मार्ग खुला झाला.

३. १९०९ : कोपनहेगन

सोरेन सोरेनसन हे कोपनहेगनमधील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेच्या रसायन विभागाचे प्रमुख होते. नायट्रोजन मापनाच्या पद्धतीमुळे विख्यात झालेल्या केल्डाल यांच्यानंतर ही जबाबदारी त्यांच्याकडे आली होती. ही प्रयोगशाळा बिअर उत्पादकाने स्थापन केलेली होती आणि किण्वनात कार्य करणाऱ्या विकरांचा अभ्यास हा तिच्या आस्थेचा विषय होता. विकराची क्रिया द्रावणातील एकूण आम्लावर अवलंबून नसून हायड्रोजन आयनांच्या संहतीवर अवलंबून असते, हे सोरेनसन यांच्या ध्यानात आले. मात्र या संहती लिहिणे अडचणीचे होते. दशांश चिन्हानंतर सात-आठ शून्ये लिहावी लागत. १९०९ मध्ये त्यांनी या संहतीच्या लॉगॅरिथमचे ऋण मूल्य घेण्याची सूचना केली. २५ अंश सेल्सिअस तापमानाला शुद्ध पाण्याचे मूल्य ७ येते. त्याहून कमी ते आम्लधर्मी व अधिक ते विम्लधर्मी. हाच पीएच, मराठी पाठ्यपुस्तकांत आणि कृषिविषयक लेखनात त्यालाच सामू म्हणतात. पुढे १९२४ मध्ये संहतीऐवजी क्रियाशीलतेच्या आधारे ही व्याख्या अधिक काटेकोर करण्यात आली.

लॉगॅरिथमची ही श्रेणी सोयीची असली तरी तिच्यात एक मेख आहे. सामू ७.८ आणि ८.८ यांत वरवर पाहता एका अंकाचा फरक आहे. वस्तुतः हायड्रोजन आयनांच्या संहतीत तो दहापट आहे. याच कारणाने सामूची सरळ सरासरीही फसवी ठरते. एका नमुन्याचा सामू ७ आणि दुसऱ्याचा ९ असेल तर सरासरी ८ असे आपण सहज लिहितो. परंतु हायड्रोजन आयनांच्या संहतींची सरासरी घेतल्यास येणारे मूल्य सुमारे ७.३ असते. क्षेत्रीय सर्वेक्षणांच्या कोष्टकांत ही बाब अनेकदा नजरेआड होते.

त्याच वर्षी, १९०९ मध्ये, फ्रिट्झ हाबर आणि झिग्मुंट क्लेमेन्सिएविच यांनी काचेच्या इलेक्ट्रोडवरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला. काचेच्या पातळ पडद्याच्या दोन बाजूंना भिन्न आम्लतेची द्रावणे असल्यास विद्युतदाब निर्माण होतो, हे माक्स क्रेमर याने १९०६ मध्येच पाहिले होते. परंतु काचेचा विद्युतरोध फार मोठा असल्याने सामान्य उपकरणांना हा दाब मोजणे अवघड जाई. ही अडचण दूर झाली ती १९३४ मध्ये, आणि तीही लिंबाच्या निमित्ताने. कॅलिफोर्नियातील फळउत्पादकांच्या संघात काम करणाऱ्या ग्लेन जोसेफ या रसायनतज्ज्ञाला लिंबाच्या रसाची आम्लता नेमकी मोजावयाची होती. त्याने आपले सहाध्यायी आर्नल्ड बेकमन यांची मदत मागितली. बेकमन यांनी निर्वात नलिकांचा वर्धक वापरून एक सुटसुटीत उपकरण तयार केले. त्याचे पेटंट त्यांना १९३६ मध्ये मिळाले. आपल्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतील सामूमापक हा याच उपकरणाचा वंशज आहे.

या इतिहासातून एक सूत्र हाती लागते. विरंजनाचा अल्क, बिअरचे किण्वन, लिंबाचा रस : मापनाची प्रत्येक मोठी झेप एखाद्या प्रदेशाच्या उत्पादनातील अडचणीतून घेतली गेली. मग दख्खनमध्ये अशी कोणती अडचण होती?

४. दख्खनची अडचण : खारावलेली जमीन

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई इलाख्यात नीरा खोऱ्यात कालव्याचे पाणी आले. उसाची लागवड वाढली आणि काही वर्षांतच भूजलाची पातळी वर येऊन चांगल्या जमिनी खारावू लागल्या. हॅरल्ड मॅन हे १९०७ मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. त्यांनी व्ही. ए. ताम्हणे यांच्यासमवेत नीरा खोऱ्यातील खाऱ्या जमिनींचा अभ्यास केला आणि तो १९१० मध्ये मुंबई इलाख्याच्या कृषी विभागाची पुस्तिका म्हणून प्रसिद्ध झाला. कोपनहेगनमधील शोधनिबंध आणि पुण्यातील ही पुस्तिका यांत जेमतेम एका वर्षाचे अंतर आहे. सामूची श्रेणी त्या वेळी प्रयोगशाळेबाहेर पडलेली नव्हती.

पुढे १९३२ मध्ये पाडेगाव येथे ऊस संशोधन केंद्र स्थापन झाले. तेथे जे. के. बसू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दख्खन कालव्यांखालील जमिनींचे शास्त्रशुद्ध सर्वेक्षण हाती घेतले. बसू व सिरूर यांचा नीरा उजवा कालवा आणि प्रवरा कालवा यांवरील निबंध १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. जमिनीचा उभा छेद पाहावयाचा, थराथरांचे गुणधर्म तपासावयाचे आणि त्यावरून जमिनीचे प्रकार पाडावयाचे, ही दृष्टी या कामामुळे महाराष्ट्रात रुजली. स्वातंत्र्योत्तर काळात, १९५५-५६ मध्ये, देशात चोवीस माती परीक्षण प्रयोगशाळा सुरू झाल्या आणि सामू हा अंक शेतकऱ्यापर्यंत पोहोचण्याची व्यवस्था निर्माण झाली.

तापी खोऱ्याला हा इतिहास परका नाही. तापीची उपनदी असलेल्या पूर्णेचे विदर्भातील खोरे (अकोला, अमरावती, बुलढाणा) हे नैसर्गिकरीत्या सोडियमयुक्त झालेल्या काळ्या जमिनींचे उदाहरण म्हणून मृदाशास्त्रात प्रसिद्ध आहे. तेथे कालव्याचे पाणी येण्यापूर्वीच ही स्थिती होती. अल्प पर्जन्य, मुबलक चुनखडी आणि निचरा न होणारी चिकण माती यांचा तो एकत्रित परिणाम होय. चुनखडीच्या रूपाने कॅल्शियम बाजूला पडते आणि मातीच्या कणांवर सोडियमचे प्रमाण वाढत जाते. हीच पूर्णा पुढे जळगाव जिल्ह्यात चांगदेव येथे तापीला मिळते आणि तापी पश्चिमेकडे वाहत नंदुरबार जिल्ह्यात येते.

५. तापीकाठ : अंक आणि त्याचा अर्थ

नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेडा आणि प्रकाशा येथे तापीवर बंधारे आहेत. गोमाई नदी प्रकाशाजवळ तापीस मिळते. या पट्ट्यातील जमीन बेसॉल्ट खडकापासून बनलेली, खोल व काळी असून ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. अशा चुनखडीयुक्त काळ्या जमिनींचा सामू सामान्यतः ७.५ ते ८.५ या दरम्यान असतो. सातपुड्याच्या बाजूस पाऊस अधिक, उतार अधिक. तेथे विद्राव्य घटक वाहून जातात व क्षार साचण्यास वाव राहत नाही.

खोल काळ्या जमिनीत जेव्हा भरपूर पाणी दिले जाते आणि निचऱ्याची सोय नसते, तेव्हा दोन प्रकारचे बिघाड संभवतात. पहिल्यात विद्राव्य क्षार केशाकर्षणाने वर येतात. उन्हाळ्यात जमिनीवर पांढरा थर दिसतो. ही खारवट जमीन. तिचा सामू बहुधा ८.५ पेक्षा कमीच असतो, परंतु विद्युतवाहकता जास्त असते. दुसऱ्या प्रकारात सोडियम मातीच्या कणांना चिकटतो, कण विखुरतात आणि छिद्रे बुजतात. पाणी मुरत नाही, गढूळ होऊन वरच साचते. जमीन ओली असता चिकट आणि वाळल्यावर चोपून घट्ट केल्यासारखी कठीण होते. ही चोपण जमीन. तिचा सामू ८.५ पेक्षा अधिक असतो.

८.५ ही सीमा मनमानी नाही. कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे चुनखडी हवेतील कार्बन डायऑक्साइडशी समतोल राखून असेल, तर पाण्याचा सामू साधारणतः ८.२ ते ८.४ च्या वर जात नाही. त्याहून वर गेलेला अंक सोडियम कार्बोनेटाकडे बोट दाखवितो. अमेरिकेच्या क्षारता प्रयोगशाळेने १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत सामू ८.५, संपृक्त अर्काची विद्युतवाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटर आणि विनिमययोग्य सोडियम १५ टक्के या तीन मर्यादा एकत्र दिल्या आहेत, त्यामागील कारण हेच. एक अंक पुरेसा नाही. तीन अंक मिळून निदान होते. काळ्या जमिनीत तर १५ टक्क्यांहून पुष्कळ कमी सोडियम असतानाच निचरा बिघडू लागतो, असे नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेतील अभ्यासकांनी दाखवून दिले आहे.

निदानातील चूक महागात पडते. खारवट जमिनीला चर काढून निचरा द्यावा लागतो आणि चांगल्या पाण्याने क्षार धुऊन काढावे लागतात. हाच उपाय चोपण जमिनीला प्रथम केला तर मुक्त क्षार निघून जातात, सोडियम मागे राहतो आणि माती अधिकच विखुरते. जमीन सुधारण्याऐवजी बिघडते. चोपण जमिनीस आधी जिप्सम द्यावे लागते. त्यातील कॅल्शियम सोडियमची जागा घेतो आणि मोकळा झालेला सोडियम सल्फेटच्या रूपाने पाण्याबरोबर निघून जातो. जमिनीत चुनखडी मुबलक असल्यास गंधक, साखर कारखान्यातील मळी, ताग व धैंचा यांसारखी हिरवळीची खते यांच्या साहाय्याने ती चुनखडीच विद्राव्य करता येते. केवळ सामूवर विसंबून हा निर्णय घेता येत नाही.

येथे भाषेचा मुद्दा उपस्थित होतो. ‘खारवट’ आणि ‘चोपण’ हे शब्द शेतकऱ्यांनी प्रयोगशाळेची वाट न पाहता घडविले. पहिला शब्द डोळा आणि जीभ यांनी, दुसरा नांगर आणि पाय यांनी दिला. कॅलिफोर्नियात हिलगार्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशा जमिनींचा अभ्यास करताना पांढरा अल्क आणि काळा अल्क असा जो भेद वापरला, तो नेमका हाच होय. रशियन शेतकऱ्यांचे सोलोनचाक आणि सोलोनेट्स हे शब्द तर जागतिक मृदाशास्त्राच्या परिभाषेत कायम झाले. याउलट शालेय मराठीत ‘क्षार’ म्हणजे आम्ल व आम्लारी यांच्या संयोगातून होणारा पदार्थ, तर सुश्रुताच्या परंपरेत ‘क्षार’ म्हणजे अल्क. बोलीतील ‘खार’ दोहोंना कवेत घेतो. ‘जमिनीत क्षार वाढले’ या वाक्याचा अर्थ विद्यार्थी एक घेतो आणि त्याचे वडील दुसरा. अध्यापकाने हा घोळ वर्गात उलगडून दाखविणे अगत्याचे आहे.

उच्च सामूचा परिणाम पिकाच्या पोषणावरही होतो. सामू एका अंकाने वाढला की द्रावणातील फेरिक आयनांची विद्राव्यता सैद्धांतिकदृष्ट्या हजारपटीने घटते. जमिनीत लोह असते, पण मुळांना मिळत नाही. उसावर दिसणारा केवडा हा याचाच परिणाम असतो. अशा वेळी पाने पिवळी पडली म्हणून नत्राची मात्रा वाढविणे निरर्थक ठरते.

६. उसाचा रस : दुसरे उदाहरण

जिल्ह्यात सामूचा रोजचा उपयोग होणारे दुसरे ठिकाण म्हणजे साखर कारखाना. शहादा तालुक्यात पुरुषोत्तमनगर येथील सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना आणि नवापूर तालुक्यात डोकारे येथील आदिवासी सहकारी साखर कारखाना हे या भागातील सहकाराचे टप्पे आहेत. ताज्या उसाच्या रसाचा सामू सुमारे ५.२ ते ५.५ असतो. असा आम्लधर्मी रस तापविल्यास सुक्रोजचे ग्लुकोज व फ्रुक्टोजमध्ये विघटन होते. म्हणजे हाती येणारी साखर घटते. म्हणून रसात चुन्याची निवळी मिसळतात. चुना अधिक झाला तर ग्लुकोज-फ्रुक्टोजचे विघटन होऊन रस काळवंडतो. यासाठी चुन्याबरोबर गंधकाचा धूर, म्हणजे सल्फर डायऑक्साइड वायू, सोडून सामू ७ च्या आसपास ठेवला जातो. या अरुंद पट्ट्यात राहणे हे रस शुद्धीकरणाचे मर्म आहे.

गुऱ्हाळावर हेच काम गुळव्या करीत आला. रसाचा रंग, फेस आणि मळीचे फुटणे पाहून तो चुन्याचे प्रमाण ठरवितो. त्याच्या कौशल्याला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु त्याचे ज्ञान त्याच्याबरोबर जाते. सामूचा अंक मात्र पाळीवरील दुसऱ्या माणसाला, दुसऱ्या कारखान्याला, दुसऱ्या देशाला जसाच्या तसा देता येतो. मापनाने साधले ते हे.

७. अध्यापनाच्या दृष्टीने

आपल्या भागातील हवामानही एक धडा देते. खानदेशात उन्हाळ्यात तापमान ४० अंशांवर जाते. त्या तापमानाला शुद्ध पाण्याचा सामू ७ नसून सुमारे ६.७७ असतो, तरीही पाणी उदासीनच असते, कारण हायड्रोजन व हायड्रॉक्सिल आयनांची संहती समान असते. त्याचप्रमाणे सामूच्या एका अंकामागे इलेक्ट्रोडचा दाब २५ अंशांना सुमारे ५९ मिलिव्होल्टने, तर ४० अंशांना ६२ मिलिव्होल्टने बदलतो. मे महिन्यात उपकरणाची तापमान-कळ २५ वर ठेवून घेतलेली नोंद म्हणूनच विश्वसनीय नसते. ‘सामू ७ म्हणजे उदासीन’ हे वाक्य पाठ करून घेण्यापेक्षा हा प्रयोग करून दाखविणे अधिक उद्बोधक ठरेल.

मातीचा सामू पाण्याच्या कोणत्या प्रमाणात मोजला, हेही नोंदविले पाहिजे. आपल्याकडे माती आणि पाणी यांचे १ : २.५ हे प्रमाण रूढ आहे. १९५४ च्या मर्यादा मात्र संपृक्त मातीच्या आहेत. पाणी वाढले की विद्युतवाहकता घटते आणि सामूही बदलतो. दोन भिन्न पद्धतींचे अंक एकाच कोष्टकात शेजारी मांडणे हा शास्त्रीय दोष आहे.

निष्कर्ष

१. आम्लता-विम्लता मापनाचा विकास हा केवळ सिद्धांताचा इतिहास नाही. विरंजन, किण्वन, फळप्रक्रिया आणि शेती यांच्या गरजांनी त्याला प्रत्येक टप्प्यावर दिशा दिली.

२. दर्शकाने प्रकार सांगितला, अनुमापनाने साठा सांगितला आणि सामूने तीव्रता सांगितली. ही तीन उत्तरे तीन निरनिराळ्या प्रश्नांची आहेत. नंतरचे मापन आले म्हणून आधीचे निरुपयोगी ठरले नाही.

३. तापीकाठच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत सामू हा विद्युतवाहकता आणि विनिमययोग्य सोडियम यांच्या जोडीनेच वाचला पाहिजे. मृदा आरोग्य पत्रिकेत सामू व विद्युतवाहकता असतात. सोडियमची नोंद नसते. सामू ८.५ च्या वर असलेल्या शेतासाठी ही तपासणी स्वतंत्रपणे करून घेण्याचा सल्ला शेतकऱ्यास मिळाला पाहिजे.

४. ‘खारवट’ आणि ‘चोपण’ हा लोकभाषेतील भेद शास्त्रीयदृष्ट्या अचूक आहे. मृद् नमुन्याबरोबर शेतकऱ्याने वापरलेला शब्द आणि शेताचे त्याने केलेले वर्णन नोंदविण्याची पद्धत प्रयोगशाळांनी स्वीकारल्यास निदानास मोलाची मदत होईल.

५. जिल्ह्यातील महाविद्यालयांनी रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, भूगोल आणि मराठी या विभागांच्या सहकार्याने सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीच्या काठापर्यंतचे मृद् नमुने दरवर्षी त्याच ठिकाणांहून घेऊन त्यांची नोंद ठेवावी. उपकरण प्रत्येक महाविद्यालयात आहे, नमुना चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि विद्यार्थी बहुसंख्येने शेतकरी कुटुंबांतील आहेत. दहा वर्षांची अशी सलग नोंद कोणत्याही एकट्या शोधनिबंधाहून अधिक उपयोगी पडेल. चोपण झालेली जमीन पूर्ववत करण्यास अनेक वर्षे लागतात. तिचा सामू चढत असल्याचे वेळीच लक्षात आले, तर ती चोपण होण्यापासून वाचविणे तुलनेने स्वस्त आणि शक्य कोटीतील असते.